रजोनिवृत्तीचे उपचार : दोन टोकांचा इतिहास

श्रोतेहो, स्त्रीच्या ज्या अवस्थेविषयीं घराघरांत मौन पाळलें जातें, त्या रजोनिवृत्तीच्या उपचारांचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

ही अवस्था म्हणजे रोग नव्हे. बाराव्या वर्षापासून सुरू होणारें रज पन्नाशीच्या सुमारास क्षीण होतें, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे. तेथें तो वयाचाच धर्म मानला आहे. 'मेनोपॉज' हें नांव १८२१ सालीं गार्दान या फ्रेंच वैद्यानें रूढ केलें. परंतु अंगांतून अकस्मात् येणाऱ्या गरम वाफा, रात्रींचा घाम व मोडलेली झोंप यांवर खात्रीचा इलाज त्यानंतरहि शंभर वर्षें कोणापाशीं नव्हता.

१९२९ सालीं अमेरिकेंत डॉइझी व जर्मनींत बुटेनांट यांनीं बीजांडकोशाशीं संबंधित इस्ट्रोन हा स्राव शुद्ध रूपांत वेगळा केला. १९४२ सालीं गाभण घोडीच्या मूत्रापासून केलेली 'प्रेमारिन' ही गोळी अमेरिकेंत आली. तिचा गुण येई, यांत शंका नव्हती. पुढें १९६६ सालीं न्यूयॉर्कच्या रॉबर्ट विल्सन या डॉक्टरानें 'फेमिनिन फॉरएव्हर' हें पुस्तक लिहून रजोनिवृत्ति हा कमतरतेचा रोग ठरविला, आणि तारुण्य टिकविण्यासाठीं सरसकट सर्व स्त्रियांना हें औषध सुचविलें. त्रासावरील इलाज आतां तारुण्याचा विक्रय झाला. १९७५ सालीं दोन अभ्यासांनीं दाखविलें, कीं एकट्या इस्ट्रोजेननें गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तेव्हां गर्भाशय असलेल्या स्त्रीस जोडीला प्रोजेस्टोजेन देण्याची रीत पडली.

दुसरें टोक २००२ सालचें. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकन प्रयोगांत १६,६०८ स्त्रियांपैकीं एका गटास हीं जोड-औषधें व दुसऱ्यास बिनऔषधी गोळी दिली होती. औषध घेणाऱ्या गटांत स्तनाचा कर्करोग, पक्षाघात व रक्ताच्या गुठळ्या अधिक आढळल्यानें प्रयोग मुदतीपूर्वीं थांबविला. बातमी पसरतांच असंख्य स्त्रियांनीं गोळ्या टाकून दिल्या.

आंकडे मात्र शांतपणें पाहण्याजोगे होते. वर्षाला दर १०,००० स्त्रियांमागें स्तनाच्या कर्करोगाच्या ३० रुग्णांऐवजीं ३८ आढळले. वाढ खरी, पण आठांची. शिवाय या स्त्रियांचें सरासरी वय ६३ होतें. अमेरिकेंत पाळी जाते ती ५१ च्या सुमारास. साठी उलटलेल्यांवरील निकाल पन्नाशींत रात्रभर तळमळणाऱ्या बाईला तसाच लावणें न्याय्य नव्हतें. तरी पुढें कित्येक वर्षें तो लावला गेला, आणि उपाय असूनहि अनेकींनीं त्रास सोसला.

आज वैद्यकांत मानलें जातें तें असें : वय साठीच्या आंत असेल, किंवा पाळी जाऊन दहा वर्षें झालीं नसतील, त्रास जाचक असेल व स्तनाच्या कर्करोगाचा वा गुठळ्यांचा पूर्वेतिहास नसेल, तर लाभ बहुधा हानीहून अधिक. त्वचेवरील पट्टीनें गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षां कमी. ज्यांना हॉर्मोन वर्ज्य, त्यांच्यासाठीं मेंदूंतील उष्णतानियमनावर काम करणाऱ्या फेझोलिनेटँटला २०२३ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळाली. त्यांत यकृतावर लक्ष ठेवावें लागतें.

तेव्हां भगिनींनो, औषध चांगलें कीं वाईट असा सरसकट प्रश्न न विचारतां, माझें वय, माझा पूर्वेतिहास व माझा त्रास पाहतां मला कोणतें औषध व किती काळ, असा प्रश्न डॉक्टरांना निःसंकोच विचारावा. आणि घरांतील मंडळींनींहि त्या रात्रींच्या तळमळीस केवळ वयाची कुरकूर म्हणूं नये.