पदवीपत्रावरील मातेचें नांव

नृसिंहवाडीस पंचगंगा कृष्णेला मिळते. पुढें पाणी दोघींचें वाहतें, नांव मात्र एकीचेंच उरतें. आमच्या पदवीपत्रांचाही हाच शिरस्ता होता: विद्यार्थ्याच्या नांवापुढें पित्याचें येई, मातेचें येत नसे. मुंबईच्या बालशल्यविशारद डॉ. स्नेहलता देशमुख या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या अधिष्ठाता होत्या. पुढें १९९५ ते २००० या काळांत मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरु असतां त्यांनीं पदवीपत्रावर मातेचेंही नांव आणिलें. एका ओळीनें समाज पालटत नाहीं, असें कोणी म्हणेल. तें आम्हांसही मान्य आहे. परंतु ज्या लेकरास एकट्या आईनें वाढविलें, त्याच्या पदवीवर तिची साक्ष नसणें हा अन्यायच होता. २०२४ सालीं स्नेहलताबाई निवर्तल्या. रुग्णालयांत ज्यांनीं आयांची चिंता रोज पाहिली, त्यांनाच हा अन्याय दिसावा, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं.