‘तो विषय इथे नको’

देवळाच्या अग्रशाळेत चार मंडळी जमली आणि बोलणे राजकारणावर अगर धर्मकारणावर आले, की कोणीतरी वडीलधारे हळूच म्हणतात, ‘तो विषय इथे नको.’ या वाक्यात सौजन्य आहे, हे खरे. तथापि त्यात एक जुनी भीतीही मुरलेली आहे, असे आम्हांस वाटते.

1910 साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि गोमंतकातील हिंदूंना समान नागरिकत्वाचा व धर्मस्वातंत्र्याचा लाभ झाला. 1912 मध्ये हेगडे देसाई यांनी ‘भारत’ पत्र काढले; लोक लिहू-बोलू लागले. परंतु 1926 च्या लष्करी उठावानंतर हा मोकळेपणा आटला. सालाझारच्या राजवटीत छापावयाचा मजकूर आधी सेन्सॉरपुढे ठेवावा लागे. लग्नपत्रिकेचीही त्यातून सुटका नसे. 18 जून 1946 रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया भाषणास उभे राहिले, तेव्हा त्यांना अटक झाली. गुन्हा कोणता, तर बोलणे! अशा काळात मनुष्य तोंड उघडण्यापूर्वी दाराकडे पाहू लागतो; आणि ती सवय राजवटीबरोबर जात नाही.

19 डिसेंबर 1961 रोजी ती राजवट संपली. लवकरच प्रश्न उभा राहिला: महाराष्ट्रात विलीन व्हावे, की केंद्रशासित राहावे? भाषा, धर्म, जात, जमीन, सारेच त्यात गुंतले होते. एकेका घरात दोन पक्ष पडले. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला. 16 जानेवारी 1967 रोजी ‘फूल’ या चिन्हावर विलीनीकरणास 1,38,170 मते पडली. ‘दोन पाने’ या चिन्हावर विरोधात 1,72,191. प्रचार कडवट झाला होता. पण 34,021 मतांचा निवाडा उभय पक्षांनी मानला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत याच मतदारांनी बांदोडकरांच्या पक्षास पुन्हा सत्ता दिली.

भाषेचा प्रश्न मात्र त्या मतपत्रिकेवर नव्हता. तो धुमसत राहिला. 1986 च्या आंदोलनात माणसांचे बळी गेले, आणि त्यानंतर 1987 चा राजभाषा कायदा झाला. जे उघडपणे मांडले गेले, ते मोजता आले, मिटवता आले. जे मनात कोंडले गेले, त्याची किंमत रक्ताने द्यावी लागली.

आमच्या शास्त्रकारांनी वादाची एक शिस्त घालून दिली आहे: आधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडावयाचे, मग त्याचे खंडन. न्यायालयातही प्रतिपक्षाचा वकील आमचा ‘विद्वान मित्र’च असतो. मग अग्रशाळेतच तो शत्रू का व्हावा? ज्या मंडळींना एकच पालखी खांद्यावर घ्यावयाची आहे, त्यांनी एकमेकांचा पूर्वपक्ष ऐकण्याची भीती बाळगू नये. ‘तो विषय इथे नको’ असे म्हणण्याऐवजी वडीलधाऱ्यांनी ‘आधी त्याचे ऐकून घ्या’ असे म्हटले, तरी पुष्कळ साधेल.