कमी घातक म्हणजे किती? : सिगारेट, व्हेपिंग आणि लोकांचा समज

मंडळी, व्हेप ओढावं की ओढू नये, हे सांगायला आपण आज जमलेलो नाही. आपला प्रश्न इतिहासाचा आहे. इंग्लंडमध्ये २०१४ च्या अखेरीस सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांना विचारलं, की ई-सिगारेट ही साध्या सिगारेटपेक्षा कमी घातक वाटते का? सुमारे ४४ टक्के लोक 'हो' म्हणाले. जून २०२३ मध्ये तोच प्रश्न विचारला, तेव्हा 'हो' म्हणणारे उरले २७ टक्के. निम्म्याहून जास्त जणांना आता दोन्ही सारख्याच, नाहीतर ई-सिगारेट जास्त वाईट वाटत होती. या नऊ वर्षांत तिथल्या आरोग्य खात्याचं मत उलटलं होतं का? नाही. मग लोकांचं कसं उलटलं?

याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागेल. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतले रुग्ण तपासून धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. लोक घाबरले. सिगारेट कंपन्यांनी त्या भीतीवर काय उपाय काढला? 'कमी घातक' सिगारेट! अमेरिकेत १९५२ मध्ये केंट नावाची सिगारेट आली, तिच्या खास फिल्टरची जाहिरात आरोग्याच्या नावाने झाली. त्या फिल्टरमध्ये १९५६ पर्यंत चक्क अ‍ॅस्बेस्टॉस होतं. पुढे 'लाइट' सिगारेटी आल्या. त्यांच्या फिल्टरभोवती बारीक भोकं असायची, म्हणून मोजणीच्या यंत्रात टार कमी दिसायचं. पण यंत्राला बोटं नसतात हो! माणूस ती भोकं बोटांनी, ओठांनी झाकतो, झुरका खोल घेतो, आणि टार पूर्वीइतकंच आत जातं. युरोपीय संघाने २००३ पासून पाकिटावर 'लाइट' लिहायला बंदी केली. म्हणजे पन्नास वर्षं लोकांना 'कमी घातक' सांगून फसवलं गेलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ई-सिगारेटबद्दलच्या संशयाला हा पाया आहे, आणि तो संशय आम्हाला अडाणीपणाचा वाटत नाही.

तरी या वेळची गोष्ट वेगळी होती. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी १९७६ मध्येच मुद्दा मांडला होता : माणूस सिगारेटला चिकटतो तो निकोटिनमुळे, पण मरतो तो मुख्यतः टारमुळे. टार आणि कार्बन मोनॉक्साइड येतात कुठून? तंबाखू जळण्यातून. मग जाळच काढून टाकला तर? २००३ मध्ये होन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञाने निकोटिनच्या द्रवाची वाफ करणारं उपकरण तयार केलं. तो स्वतः भरपूर सिगारेट ओढायचा, आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. या सिगारेटचं पहिलं नाव होतं 'रूयान', म्हणजे धुरासारखं.

२०१५ मध्ये पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी संस्थेने जाहीर केलं, की व्हेपिंग हे धूम्रपानापेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक आहे. आता हा आकडा कुठून आला ते बघा. तो कुठल्या प्रयोगशाळेत मोजलेला नव्हता. २०१४ मध्ये छापून आलेल्या, काही मोजक्या तज्ज्ञांनी एकत्र बसून केलेल्या अंदाजावर तो बेतलेला होता. 'लॅन्सेट'ने त्यावर सडकून टीका केली. आमचं मत असं, की दिशा बरोबर होती, पण ज्याला नेमकेपणा नाही त्याला नेमका आकडा चिकटवायला नको होता. पुढच्याच वर्षी रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने म्हटलं, की दीर्घकाळचं नुकसान धूम्रपानाच्या ५ टक्क्यांपलीकडे जाण्याची शक्यता कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि निकोटिनची सवय तर लागतेच.

मग आलं २०१९. त्या वर्षाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या ८८६ जणांवरच्या चाचणीचा निकाल आला : वर्षभरानंतर ई-सिगारेट गटात १८ टक्के लोक सिगारेटमुक्त होते, निकोटिनचे पॅच-च्युइंगगम वापरणाऱ्यांत ९.९ टक्के. ही बातमी किती जणांच्या लक्षात राहिली? लक्षात राहिली ती त्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमधली, अमेरिकेतून आलेली. तरुण माणसं फुप्फुसं निकामी होऊन रुग्णालयात दाखल होत होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. मुख्य संशय ठरला तो गांजाच्या अर्काच्या द्रवात, बहुतेक चोरट्या बाजारात, मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटवर. ब्रिटनमध्ये निकोटिनच्या द्रवात जीवनसत्त्वं घालायला आधीपासूनच मनाई होती. पण 'व्हेपिंगचा आजार' हे नाव एकदा पडलं ते पडलंच. इंग्लंडच्या पाहण्यांत लोकांची भीती त्याच सुमारास एकदम वर चढलेली दिसते.

नेमक्या त्याच आठवड्यांत, १८ सप्टेंबर २०१९ ला, आपल्याकडे ई-सिगारेटवर बंदीचा अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. सिगारेट, विडी मात्र टपरीवर होत्या तिथेच राहिल्या. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, आणि २१.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरत होते. त्यात आपली मशेरीही आली. दात घट्ट राहतात म्हणून ती लावणाऱ्या आजीला कोणी व्यसनी म्हणत नाही! धोक्याचा समज असाही बनतो.

इंग्लंडात दुसरा धक्का बसला २०२१ नंतर. रंगीत, गोड, वापरून फेकायच्या व्हेप शाळकरी मुलांच्या खिशात सापडू लागल्या. पालकांची काळजी रास्तच होती, आणि १ जून २०२५ पासून त्या विकायला बंदीही आली. पण मधल्या काळात दोन प्रश्नांची सरमिसळ झाली. पंधरा वर्षांच्या मुलाने व्हेप ओढणं वाईट आहे का? आहेच. तीस वर्षं रोज पाकीटभर सिगारेट ओढणाऱ्या बाईने सिगारेट सोडून व्हेप घेतली तर तिचं भलं होईल का? हा प्रश्न निराळा. बातम्यांत दोन्हींचं उत्तर एकच मिळत गेलं.

एप्रिल २०२३ मध्ये सरकारने दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना फुकट व्हेप-संच द्यायची योजना जाहीर केली. दोनच महिन्यांनी, त्याच जूनमध्ये, ज्यांच्यासाठी हे संच होते त्यांच्यातल्या जेमतेम चौथ्या हिश्शाला व्हेप सिगारेटपेक्षा कमी घातक वाटत होती.