खुर्चीची पाठ आणि जेआरडींचे टिपण

१९५१ साली जे. आर. डी. टाटा आपल्याच कंपनीच्या विमानाने युरोपचा प्रवास करून आले आणि त्यांनी कचेरीला एक टिपण धाडले. जिनिव्हाला विमानात चढवलेला चहा कॉफीइतका काळा का दिसतो, याची चौकशी करावी, असे त्यात होते. हा चहाचा किस्सा आता बहुतेकांना ठाऊक आहे. त्याच टिपणातील खुर्च्यांविषयीचा मजकूर मात्र फारसा कोणी सांगत नाही. काही खुर्च्यांची पाठ इतर खुर्च्यांपेक्षा अधिक मागे कलते आणि म्हणून त्या अधिक सुखावह वाटतात. तेव्हा सगळ्याच खुर्च्या अधिक कलतील अशा लावून घ्याव्यात, असे जेआरडींनी सुचवले होते. अपवाद फक्त शेवटच्या रांगेचा, कारण तिच्या पाठीमागे भिंत असते.

माझ्या मते चहापेक्षा हा मजकूर मोलाचा आहे. खुर्चीची पाठ किती कलते हा देखभालीचा प्रश्न आहे आणि त्याची दखल अध्यक्षाने घेण्याजोगी आहे, असे भारतीय विमानसेवेच्या अगदी आरंभीच्या काळात कोणाला तरी वाटले होते. एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान ८ जून १९४८ रोजी ३५ प्रवाशांसह मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला पोहोचले. एवढ्या लांबच्या प्रवासात माणूस काही केवळ बसून राहत नाही. तो झोपतो, कुशी बदलतो, कंबर मोकळी करू पाहतो. त्याआधीच्या, म्हणजे १९२०च्या दशकातील युरोप-अमेरिकेच्या विमानांत चक्क वेताच्या खुर्च्या असत. त्या हलक्या होत्या, हाच त्यांचा मुख्य गुण. पल्ले वाढले तेव्हा खुर्चीला यंत्राचे रूप आले, आणि यंत्र आले की बिघाडही आला.

हे यंत्र दिसायला साधे आहे. हाताच्या टेकूवरील बटण दाबले की एक तार ओढली जाते. सायकलच्या ब्रेकला असते तशीच, नळीतून सरकणारी; १८९६ साली अर्नेस्ट बोडेन याने ब्रिटनमध्ये जिचे पेटंट घेतले, तीच ही ‘बोडेन केबल’. तारेच्या दुसऱ्या टोकाला बैठकीखाली एक छोटी नळकांडी असते. तिच्यात तेल आणि दट्ट्या. बटण दाबलेले असेपर्यंत दट्ट्यातील झडप उघडी राहते, तेल एका कप्प्यातून दुसऱ्यात जाते आणि पाठ मागे सरकते. बटण सोडले की झडप मिटते. तेल दाबले जात नाही, म्हणून पाठ त्या जागी ठाम राहते. पुन्हा बटण दाबून अंग पुढे घेतले की स्प्रिंग पाठीला उभी करते.

तार ताणून सैल झाली की बटण दाबूनही झडप उघडत नाही; खुर्ची मुकी होते. तेल झिरपून नळकांडीत हवा शिरली तर उलट घडते. हवा दाबली जाते, म्हणून पाठ ठाम राहत नाही. जरा रेलले की मागे जाते, आणि स्प्रिंगही थकलेली असेल तर परत येत नाही. दोन्ही बिघाडांना आपण ‘सीट खराब आहे’ एवढेच म्हणतो, पण त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्याकडे पुढे येतोच.

हे बिघाड इतके वारंवार का होतात? येथे शाळेतील तरफेचा नियम पुरतो. समजा, पाठीची बिजागरी बैठकीपाशी आहे, पाठीचा माथा तिच्यापासून ६५ सेंटिमीटर उंच आहे आणि कुलपाची नळकांडी बिजागरीपासून १० सेंटिमीटरवर जोडलेली आहे. मागच्या रांगेतील प्रवासी उठताना पुढच्या खुर्चीचा माथा धरून अंग वर ओढतो. त्याने २० किलो वजनाइतका जोर लावला तरी कुलपावर तो साडेसहा पट, म्हणजे १३० किलो होऊन पोहोचतो. दिवसातून सहा-सात फेऱ्या मारणाऱ्या विमानात हे किती वेळा घडत असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा. खुर्ची तिच्यावर बसलेल्या माणसाइतकीच मागे बसलेल्या माणसामुळेही झिजते.

त्याच भूमितीने आणखी एक गोष्ट कळते. माथा ५ सेंटिमीटर मागे गेला तर पाठीचा कोन जेमतेम साडेचार अंशांनी बदलतो; १० सेंटिमीटर गेला तर नऊ अंशांच्या आसपास. स्वीडनमधील नाखेमसन आणि अँडरसन यांच्या मोजमापांतून दिसले होते की, टेकू ९० अंशांवरून ११० अंशांकडे कलत गेला की कमरेच्या मणक्यांमधील चकत्यांवरचा दाब उतरत जातो. म्हणजे विमानकंपन्यांनी वर्षानुवर्षे कापत आणलेले ते चार-पाच सेंटिमीटर निव्वळ चैनीचे नव्हते.

आता त्या दोन बिघाडांच्या फरकाकडे वळू. ह्यू डी हेवन हा पहिल्या महायुद्धात प्रशिक्षण घेताना विमान अपघातातून वाचलेला माणूस. माणूस मरतो तो केवळ आघाताने नव्हे, तर त्याच्याभोवतीची रचना चुकीची असल्याने, हा विचार त्याने १९४०च्या दशकात कॉर्नेल येथील संशोधनातून मांडला. डिसेंबर १९५४मध्ये अमेरिकी हवाईदलाचे डॉक्टर जॉन स्टॅप यांनी रॉकेटच्या घसरगाडीवर स्वतःला बांधून घेतले आणि ४६ जीहून अधिक अवमंदन सोसून ते जिवंत राहिले. माणूस एवढे सोसतो, तर खुर्ची का तुटावी? तरीही प्रवासी विमानांच्या खुर्च्यांना पुढच्या दिशेने ९ जीची स्थिर कसोटी पुरेशी मानली जात राहिली. १९८८ साली अमेरिकी नियमाने ती बदलली. नव्या रचनेच्या विमानांतील खुर्चीवर ७७ किलोचा पुतळा बसवून तिला १६ जीचा प्रत्यक्ष हिसका द्यावयाचा, म्हणजे पुतळ्याचे वजन क्षणभर बाराशे किलोंच्या वर जाते. शिवाय खाली दाबणारी १४ जीची वेगळी कसोटी. तिच्यात कण्यावरचा भार मोजतात.

या कसोट्यांत पाठ उभी असते. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी परिचारिका पाठ सरळ करावयास सांगते, त्याचे एक कारण हे. दुसरे, धूर झाला तर मागच्या रांगेला बाहेर पडण्याची वाट. म्हणूनच कोणते उपकरण बिघडलेले असताना विमान उडू शकते, हे ठरवणाऱ्या ‘मिनिमम इक्विपमेंट लिस्ट’मध्ये खुर्चीविषयीचा निकष स्पष्ट आहे. पाठ कलत नाही, पण सरळ आणि घट्ट आहे? खुशाल प्रवासी बसवा. पाठ सरळ राहतच नाही? ती जखडून टाका, नाहीतर खुर्ची रिकामी ठेवा आणि तसा फलक लावा.

सुरक्षेच्या दृष्टीने हा निकष अचूक आहे, त्यावर माझा आक्षेप नाही. परिणाम मात्र असा झाला की, मुकी खुर्ची कोणाच्याच तातडीच्या यादीत राहिली नाही. ती विमान थांबवत नाही. ती केवळ एका प्रवाशाची रात्र बिघडवते.

२२ फेब्रुवारी २०२५ रोजी केंद्रीय मंत्री शिवराजसिंह चौहान यांना भोपाळ-दिल्ली विमानात आत दबलेली, मोडकी खुर्ची मिळाली. त्यांनी ती हकिगत जाहीरपणे लिहिली आणि एअर इंडियाने क्षमा मागितली. त्यांच्या लिखाणातील एक तपशील मला सर्वांत बोलका वाटतो. या खुर्चीचे तिकीट विकू नये, असे व्यवस्थापनाला आधीच कळवले होते, असे कर्मचाऱ्यांनी त्यांना सांगितले होते. म्हणजे बिघाड ठाऊक होता, नोंदवलाही होता. नोंद आणि तिकीटविक्री यांची गाठ पडली नव्हती. आणि दबलेली बैठक ही केवळ गैरसोय नव्हे. फेस दबून तळाला टेकला की खालून येणारा आघात थेट कण्याला जातो. १४ जीच्या कसोटीत मोजतात तो भार हाच.

दुसरे प्रकरण हैदराबादचे. मे २०२३मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने ऑस्ट्रेलियाला निघालेल्या एका दांपत्याची बिझनेस क्लासमधील विजेवर कलणारी खुर्ची चालेना. हाताने ती कलत होती, पण बटणाने नाही. कंपनीने दोघांना प्रत्येकी दहा हजार ‘माइल्स’ देऊ केले. त्यांनी ते नाकारले. २०२४मध्ये तेथील जिल्हा ग्राहक आयोगाने तिकिटाच्या रकमेतील प्रत्येकी ४८,७५० रुपये व्याजासह परत करावेत, शिवाय मनस्तापापोटी एक लाख रुपये द्यावेत, असा आदेश दिला. बिझनेस क्लासचे पैसे घेऊन प्रत्यक्षात इकॉनॉमीसारखा प्रवास घडवला, असा त्या निर्णयाचा रोख होता.

हा रोख विचार करण्यासारखा आहे. कारण डीजीसीएचा फेब्रुवारी २०२३पासून लागू असलेला नियम ‘वर्ग’ ओळखतो: प्रवाशाला त्याच्या इच्छेविरुद्ध खालच्या वर्गात बसवले तर देशांतर्गत तिकिटाच्या ७५ टक्के, आणि परदेशी प्रवासात अंतरानुसार ३० ते ७५ टक्के रक्कम परत मिळते. वर्ग तोच ठेवून खुर्ची निकामी निघाली तर त्या नियमाच्या चौकटीत ते बसत नाही. तेथे ग्राहक संरक्षण कायदाच कामी येतो, आणि त्यासाठी पुरावा लागतो. म्हणून बिघाड उड्डाणापूर्वीच सांगावा, बदली खुर्ची मागावी, केबिनच्या नोंदवहीत तो लिहिला का हे विचारावे आणि छायाचित्र घ्यावे. मंत्रालयाचे ‘एअरसेवा’ संकेतस्थळ आणि १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन हे दोन्ही मार्ग खुले आहेत.

एक तार बदलायला एवढा उशीर का, असे कोणीही विचारील. ती तार बाजारातून आणता येत नाही. खुर्ची प्रमाणित झालेली असते ती तिच्या सुट्या भागांसह. १९८४च्या अमेरिकी नियमापासून बैठकीच्या फेसाला आगीची कसोटीही आहे, त्यामुळे नवी गादीसुद्धा गल्लीतल्या गादीवाल्याकडून भरून घेता येत नाही. जगात या खुर्च्या बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत आणि अलीकडे त्यांच्याकडची रांग विमानांच्या रांगेहून कमी नाही. काही परदेशी कंपन्यांनी यावर रोखठोक तोडगा काढला. रायनएअरने, आणि पुढे ब्रिटिश एअरवेजने आपल्या नव्या छोट्या विमानांत, पाठ न कलणाऱ्या खुर्च्या बसवल्या. वजन घटले, तार गेली, नळकांडी गेली, तक्रारीचे कारणही गेले. अभियंता म्हणून पाहिले तर हे चोख उत्तर आहे. कंबरदुखीच्या रोग्याला ते कितपत पटेल, सांगता येत नाही.

एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी टाटांकडे परतली. त्याच वर्षी डिसेंबरात जुन्या मोठ्या विमानांचे अंतरंग बदलण्यासाठी ४० कोटी डॉलरची योजना जाहीर झाली. छोट्या ए-३२० निओ विमानांचे काम सप्टेंबर २०२४मध्ये हाती घेतले गेले. मोठ्या ड्रीमलायनरपैकी पहिले विमान नव्या खुर्च्या बसवून घेण्यासाठी कॅलिफोर्नियातील व्हिक्टरव्हिलला गेले, तेव्हा जुलै २०२५ उजाडला होता.