अफगाण चर्च : न मावलेली नावं

कुलाब्यातल्या सेंट जॉन चर्चला सगळी मुंबई ‘अफगाण चर्च’ म्हणते. ज्या देशात इंग्रजांनी सपाटून मार खाल्ला, त्याचंच नाव त्यांच्या देवघराला चिकटलं, याची मला गंमत वाटते.

कुलाबा तेव्हा शहराबाहेर होता. १८३८मध्ये कॉजवे झाला आणि बेट मुंबईला जोडलं गेलं. तिथल्या लष्करी छावणीसाठी चर्च हवं होतं, आणि पहिल्या अफगाण युद्धात व सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांचं स्मारकही हवं होतं. दोन्ही कामं एकाच इमारतीत बसवायचं ठरलं. १८४७मध्ये पायाभरणी झाली. गिल्बर्ट स्कॉटचा आराखडा फार खर्चिक म्हणून बाजूला पडला आणि काम हेन्री कॉनिबेअरकडे गेलं. मुंबईला विहार तलावाचं पाणी आणणारा इंजिनिअर तो हाच. इंग्लंडात त्या काळी मध्ययुगीन गॉथिक धाटणीच्या चर्चचं वेड होतं. टोकदार कमानी, रंगीत काचा, उंच मनोरा, सगळं इथे आलं. फक्त दगड मुंबईकडचा.

७ जानेवारी १८५८ रोजी बिशप हार्डिंग यांनी चर्चचा अर्पणविधी केला. तारीख नीट पाहा. उत्तरेत उठाव अजून शमला नव्हता, लखनौ इंग्रजांच्या हाती परत यायचं होतं. मनोरा मात्र १८६५पर्यंत रखडला. त्याला पैसे देणाऱ्यांत पारशी दानशूर कावसजी जहांगीर होते.

मला थांबवतो तो आतला स्मृतिलेख. अधिकाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. साध्या शिपायांबद्दल एवढंच, की ते इतके होते की नावं लिहिणं शक्य नाही. जानेवारी १८४२मध्ये काबूलहून निघालेल्या फौजेत सुमारे ४,५०० सैनिक आणि त्यांच्यामागे १२,००० बाजारबुणगे होते. ती फौज मुख्यतः बंगालची. पण सिंधमार्गे गेलेल्या मुंबईच्या फौजेत कोकणातले, देशावरचे मराठे आणि महार शिपाई होते. आमचं जानेफळ त्या वेळी निजामाच्या मुलखात होतं; वऱ्हाड इंग्रजांकडे आलं १८५३मध्ये. त्यामुळे आमच्या गावचं कुणी त्यात असण्याचा संभव कमीच. तरी रत्नागिरी-साताऱ्याकडच्या कितीतरी घरांत ‘पलटणीत गेला तो आलाच नाही’ एवढंच उरलं असणार. भिंतीवर जागा नव्हती हे कारण मला पटत नाही. पगारपत्रकावर त्यांची नावं मावत होतीच की!

इथल्या अँग्लिकन पंथाचा इंग्लंडच्या चर्चशी असलेला कायदेशीर संबंध १९३०मध्ये सुटला. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी आमच्या विदर्भातच, नागपुरात, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि अफगाण चर्च त्यात गेलं. स्मृतिलेख तसाच आहे.