ठसे कोरणारा बंधु



ज्युबिलीच्या स्मरणिकेंत धर्मगुरूनें थोडासा इतिहास लिहावा, असा आपल्याकडे प्रघात आहे. आणि इतिहास म्हटला कीं, पायाचा दगड बसविणारे, घंटा देणारे, इमारत बांधविणारे यांचीं नांवें ओळीनें येतात. तीं यावींतच. परंतु ही स्मरणिका छापावयास देतांना मला एका फार जुन्या छापखान्याची आठवण झाली. एका कार्यास अनेक हात लागतात, हें सर्वांस ठाऊक असतें. त्यांतील एक हात नसला तर काय होतें, तें या छापखान्याच्या हकीकतीवरून चांगलें कळतें.

सन १५५६ च्या ६ सप्टेंबर रोजीं पोर्तुगालहून हा छापखाना गोव्यास पोहोंचला. तो वास्तविक जावयाचा होता हबसाणांत, तेथील नियुक्त पॅट्रिआर्क जुवांव नुनिश बार्रेतो यांच्याबरोबर. पण हबसाणचा बादशहा अनुकूल नसल्यामुळें पॅट्रिआर्क गोव्यांतच राहिले आणि छापखानाहि राहिला. यंत्र चालविणारा हुवान द बुस्तामांत हा स्पॅनिश बंधु होता. त्याच्या मदतीस मुद्रणकलेंत तरबेज असा एक हिंदी मनुष्यहि पोर्तुगालहून आला होता. तो सद्वर्तनी होता, असें तत्कालीन पत्रांत लिहिलें आहे. त्याचें नांव मात्र आपल्यापर्यंत आलेलें नाहीं.

यंत्र आलें म्हणजे ग्रंथ निघूं लागतात, असा आपला समज असतो. निघाले खरे, पण रोमन लिपींत. आपल्या देशांतील लिपीचें पुस्तक निघावयास आणखी बावीस वर्षें लागलीं, आणि तो मान तामिळ भाषेस मिळाला. फादर एन्रीक एन्रीकिश यांनीं मोत्यांच्या किनाऱ्यावर तीस वर्षें राहून ती भाषा आत्मसात् केली होती. परंतु ग्रंथकार म्हणजे मुद्रक नव्हे. पोलादाच्या कांबीवर अक्षर उलटें कोरावें, तो ठसा तांब्यांत ठोकून साचा करावा, त्या साच्यांत शिशाचा रस ओतून खिळे पाडावे, हें काम व्याकरणाच्या ज्ञानानें होत नाहीं. तें केलें जुवांव गोन्साल्विश या दुसऱ्या स्पॅनिश बंधूनें. हा धंद्यानें लोहार होता. तामिळ त्याची भाषा नव्हती. म्हणून अक्षरांचें वळण पाहण्यास फादर पेरो लुईश हे ब्राह्मण कुळांत जन्मलेले येशूसंघीय त्यास साह्य करीत. पैसा दिला तो त्या किनाऱ्यावरील परवर ख्रिस्ती लोकांनीं. पुढें फादर जुवांव द फारिया यांनीं कोल्लम येथें खिळ्यांचा दुसरा संच तयार केला, आणि तेथेंच सन १५७८ च्या २० ऑक्टोबर रोजीं ‘तंबिरान वणक्कम’ हें सोळा पानांचें पुस्तक छापून झालें. भारतीय लिपींत छापलेलें, आज उपलब्ध असें हें पहिलें पुस्तक होय. पंडित, लोहार, धर्मगुरु आणि पाण्यांत बुड्या मारून मोतीं काढणारे, इतक्यांचे हात त्या सोळा पानांस लागले आहेत! सेमिनरींत आम्हीं ग्रंथकारांचीं नांवें पाठ केलीं. लोहाराचें नांव परीक्षेंत कधीं विचारलें गेलें नाहीं.

आतां मराठीकडे वळूं. गोन्साल्विश यानें येथील लिपीचेहि सुमारें पन्नास ठसे केले होते, पण तें काम पुढें सोडून दिलें, असें फ्रान्सिस्को द सौझा या येशूसंघीय इतिहासकारानें लिहून ठेवलें आहे. सन १५७९ मध्यें फादर थॉमस स्टीफन्स गोव्यास आले. विद्वत्ता, रसिकता, भाषेवरील प्रेम, कशाचीहि त्यांस वाण नव्हती. वाण होती ती ठसे कोरणाऱ्याची. सन १६०८ मध्यें त्यांनीं रोम येथें संघाचे मुख्याधिकारी आक्वाविवा यांस पत्र लिहिलें. मलबारांत झालीं तशीं या देशाच्या भाषेंत व अक्षरांत पुस्तकें छापावीं, ही आपली फार दिवसांची इच्छा त्यांनीं कळविली. युरोपांत चोवीस अक्षरांनीं भागतें, येथें सहाशें साचे लागतात, हें दुर्घट वाटत होतें. पण ते दोनशेंपर्यंत आणतां येतील, अशीही त्यांस आशा होती. वरिष्ठांची अनुज्ञा हवी होती, ती त्यांनीं मागितली. ते ठसे झाले नाहींत. सन १६१६ मध्यें रायतूर येथें ‘क्रिस्तपुराण’ छापलें गेलें तें रोमन लिपींत. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ परक्या अक्षरांत जन्मला! मला तर वाटतें, त्या वेळीं रायतूरास आणखी एका पंडितापेक्षां एका लोहाराची गरज अधिक होती.

१६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या. त्यांपैकीं एकीचीहि प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ जगला तो हातानें नकला उतरणाऱ्यांमुळें. ते कोण, कोणत्या गांवचे, हें बहुधा कळत नाहीं. बोरूनें ओवीमागून ओवी उतरून त्यांनीं ती पुढच्या पिढीच्या हातीं दिली. अशा हस्तलिखितांवरूनच जोसेफ साल्ढाना यांनीं सन १९०७ मध्यें मंगळूर येथें आवृत्ति काढली, तीहि रोमन लिपींत. देवनागरी अक्षरांत छापलेलें ‘क्रिस्तपुराण’ शांताराम बंडेलू यांनीं पुण्याहून सन १९५६ मध्यें मराठी वाचकांच्या हातीं दिलें. छापखाना गोव्यास उतरला, त्यास त्या वर्षीं चारशें वर्षें पूर्ण होत होतीं.