फ्लॅश कार्ट्रिज म्हणजे काय? जुन्या गेम बॉयवर मेमरी कार्डातले गेम कसे चालतात?

टीव्ही गेमची पिवळी कॅसेट आणि तिच्यावर छापलेलं '९९९९९९ इन १' हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना त्यातली गंमतही माहीत असेल. आत खरे गेम मोजकेच असायचे, बाकी तेच गेम वेगळ्या नावाने पुन्हा पुन्हा. पण एकाच कॅसेटमध्ये सगळे गेम ही कल्पना वाईट नव्हती. फ्लॅश कार्ट्रिज म्हणजे तीच कल्पना, पण नीट केलेली. दिसायला साधी कॅसेट, तिला मेमरी कार्ड घालायची एक खाच. कार्डवर गेमची फाइल टाकायची, कॅसेट कन्सोलमध्ये लावायची आणि मेनूमधून गेम निवडायचा.

आपण ज्याला 'कॅसेट' म्हणायचो, तिचं खरं नाव कार्ट्रिज. आत टेप वगैरे काही नसते, फक्त एक छोटा सर्किट बोर्ड आणि चिप असते. मोबाइलवरचा एम्युलेटर आणि फ्लॅश कार्ट्रिज यांत लोक नेहमी गोंधळतात, म्हणून फरक आधीच सांगतो. एम्युलेटरमध्ये कन्सोल नकली असतो, म्हणजे तुमचा फोन कन्सोल असल्याचं सोंग घेतो. फ्लॅश कार्ट्रिजमध्ये कन्सोल अगदी खरा असतो, सोंग घेते ती कॅसेट.

उदाहरण म्हणून आपण निन्टेन्डोचा गेम बॉय घेऊ. हा १९८९ साली आला. रचना सोपी असल्यामुळे त्यावर सगळं चांगलं समजतं.

हा पेन ड्राइव्ह नाही

फोनमध्ये मेमरी कार्ड घातलं की अँड्रॉइड त्यातल्या फाइल्स वाचतो. गेम बॉयमध्ये अँड्रॉइडसारखं काहीच नाही. ऑपरेटिंग सिस्टीम नाही, आणि 'फाइल' म्हणजे काय हेही त्या बिचाऱ्याला माहीत नाही. त्याला एकच गोष्ट येते: कॅसेटला पत्ता सांगायचा आणि तिथे काय लिहिलंय ते विचारायचं. 'अमुक नंबरच्या घरात काय आहे?' असा प्रश्न तो सेकंदाला साधारण १० लाख वेळा विचारू शकतो, आणि प्रत्येक वेळी उत्तर ताबडतोब लागतं. एकदा जरी उशीर झाला तरी गेम कोसळतो, कारण थांबून वाट बघणं त्याला शिकवलेलंच नाही.

आता मेमरी कार्डाची सवय बघा. ते एकेक बाइट देत नाही, ५१२ बाइटचा गठ्ठा देतं, आणि तो शोधायलाही वेळ घेतं. म्हणजे गिऱ्हाइकाने एक लवंग मागावी आणि दुकानदाराने गोडाऊनमधून पोतं आणायला जावं असा प्रकार. म्हणून गेम थेट मेमरी कार्डवरून चालतच नाही. तुम्ही मेनूत गेम निवडला की कार्ट्रिज आधी ती पूर्ण फाइल आपल्या आतल्या वेगवान मेमरीत उतरवून घेते आणि मग गेम बॉयच्या प्रश्नांना तिथून उत्तरं देते. जुन्या मॉडेलमध्ये ही मेमरी फ्लॅश प्रकारची असायची, त्यावरून हे नाव पडलं. त्यात मोठा गेम लिहायला बराच वेळ लागायचा. आता अनेक कार्ट्रिजमध्ये त्या जागी रॅम असते आणि काम काही सेकंदांत होतं. नाव मात्र तेच राहिलं.

अजून एक भारी गोष्ट. गेम बॉय चालू केल्यावर वरून निन्टेन्डोचा लोगो खाली सरकतो ना, तो लोगो कॅसेटमधून वाचलेला असतो. कन्सोल त्या ४८ बाइटची आपल्याकडच्या प्रतीशी तुलना करतो आणि फरक सापडला तर तिथेच थांबतो. म्हणून लोगोच्या जागी काळा चौकोन किंवा विचित्र रेघा दिसल्या, तर बहुतेक वेळा कॅसेटचे पिन मळलेले असतात. (फुंकर मारू नका. थुंकीतल्या ओलाव्याने पिन गंजतात. कापसाची काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या.) फ्लॅश कार्ट्रिजलाही ही परीक्षा द्यावी लागते. तिचा मेनू हा गेम बॉयच्या दृष्टीने आणखी एक गेमच असतो.

काही गेम का चालत नाहीत?

गेम बॉयला कॅसेटमधला एका वेळी फक्त ३२ केबी भाग दिसतो. टेट्रिस अख्खा त्यात मावला. पण पोकेमॉन रेड १ एमबीचा, म्हणजे ३२ पट मोठा. मग कंपनीने कॅसेटमध्येच एक जादा चिप बसवली, जी त्या ३२ केबीच्या खिडकीतला अर्धा भाग हवा तसा बदलत राहते. या चिपला एमबीसी म्हणतात आणि तिचे बरेच प्रकार आहेत. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमधल्या चिपमध्ये तर चक्क घड्याळ आहे. म्हणूनच त्या गेममध्ये रात्र झाली की रात्र होते.

चांगल्या फ्लॅश कार्ट्रिजमध्ये एफपीजीए नावाची चिप असते. हिचं आतलं सर्किट हवं तसं जुळवता येतं, त्यामुळे आज ती एक एमबीसी बनते आणि उद्या दुसरी. एखादा गेम चालत नसेल तर फाइलला दोष देण्याआधी आपली कार्ट्रिज त्या प्रकारची चिप बनू शकते का ते बघा. काही ठिकाणी मात्र इलाजच नाही. 'कर्बी टिल्ट अँड टम्बल'च्या कॅसेटमध्ये कन्सोल कुठे कलला ते ओळखणारा सेन्सर होता आणि गेम बॉय कॅमेऱ्याच्या कॅसेटवर खरीखुरी लेन्स होती. मेमरी कार्डातून लेन्स कुठून येणार?

सुपर निन्टेन्डोवर हा प्रश्न आणखी मोठा होतो. १९९३ च्या 'स्टार फॉक्स'मध्ये थ्रीडी चित्रं काढण्यासाठी सुपर एफएक्स नावाचा वेगळा प्रोसेसर कॅसेटमध्येच होता. म्हणजे तो गेम चालवायला फ्लॅश कार्ट्रिजने एका अख्ख्या प्रोसेसरचं सोंग घ्यायला हवं. स्वस्त कार्ट्रिजवर असे गेम चालत नाहीत, त्याचं कारण हे.

आधी जुन्या कॅसेटमधला सेव्ह वाचवा

माझ्या मते या सगळ्या विषयात घाई करण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही. गेम बॉयच्या अनेक जुन्या कॅसेटमध्ये तुमची प्रगती जिथे सेव्ह होते, ती मेमरी वीज गेली की पुसली जाते. तिला जिवंत ठेवायला आत नाण्याच्या आकाराची लिथियम बॅटरी असते. ती बॅटरी आता वीस-पंचवीस वर्षांची झालीय. कुठल्याही दिवशी ती संपेल आणि तुमच्या ताईने दहावीच्या सुट्टीत पूर्ण केलेला गेम कायमचा जाईल. बॅटरी बदलायला गेलात तरी बदलताना सेव्ह पुसलाच जातो.

म्हणून घरात किंवा एखाद्या नातेवाइकाकडे अशी कॅसेट असेल, तर फ्लॅश कार्ट्रिजच्या आधी डंपरचा विचार करा. डंपर म्हणजे कॅसेट कॉम्प्युटरला जोडणारं छोटं यूएसबी उपकरण. जीबी ऑपरेटर आणि जीबीएक्सकार्ट ही त्यातली प्रसिद्ध नावं. ते गेम आणि सेव्ह दोन्ही फाइल म्हणून काढून देतं. ती सेव्ह फाइल फ्लॅश कार्ट्रिजच्या कार्डवर टाकली की खेळ जिथे थांबला होता तिथूनच पुढे सुरू. नंतर कॅसेटची बॅटरी बदलून तोच सेव्ह परत त्या कॅसेटमध्ये भरता येतो.

फ्लॅश कार्ट्रिजमध्येही सेव्हचा एक झोल आहे. तुम्ही गेममध्ये 'सेव्ह' दाबलं म्हणजे ते मेमरी कार्डवर पोचलं असं नाही. ते आधी कार्ट्रिजच्या आतल्या मेमरीत जातं. काही मॉडेल ते लगेच कार्डवर उतरवतात, काही पुढच्या वेळी चालू केल्यावर, तर काहींमध्ये बंद करण्याआधी बटण दाबून मेनूत परत यावं लागतं. आपलं मॉडेल यातलं कुठलं, हे पहिल्याच दिवशी दहा मिनिटं खेळून, सेव्ह करून, बंद-चालू करून तपासा. पन्नास तास खेळल्यावर कळण्यापेक्षा ते बरं. अधूनमधून कार्ड काढून ओटीजी रीडरने सेव्हचा फोल्डर फोनमध्ये कॉपी करून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे.

कोणती घ्यावी, कोणती नको

या क्षेत्रातलं सर्वात ओळखीचं नाव एव्हरड्राइव्ह. युक्रेनमधला क्रिक्झ या नावाने ओळखला जाणारा इंजिनिअर ती बनवतो. गेम बॉय, एनईएस, मेगा ड्राइव्ह, निन्टेन्डो ६४ अशा बऱ्याच कन्सोलसाठी त्याची मॉडेल्स आहेत. गेम बॉयसाठी त्याहून स्वस्त पर्याय म्हणजे ईझेड-फ्लॅश ज्युनिअर. सुपर निन्टेन्डोसाठी एफएक्सपॅक प्रो, जी आधी एसडी२एसएनईएस म्हणून ओळखली जायची. वरची मॉडेल्स महाग आहेत, त्यात कुरिअर आणि कस्टम ड्युटी वेगळी. फक्त 'जुने गेम खेळून बघू' एवढीच हौस असेल तर खरं सांगतो, फोनवरचा एम्युलेटर पुरेसा आहे. एप्रिल २०२४ पासून आयफोनच्या ॲप स्टोअरवरही डेल्टासारखे एम्युलेटर मिळतात. घरात खरा कन्सोल पडून असेल आणि तोच हातात घेऊन खेळायचं असेल, तर फ्लॅश कार्ट्रिजला अर्थ आहे.

आता नकली मालाबद्दल. एव्हरड्राइव्हच्या नावाने स्वस्त नकला बाजारात भरपूर आहेत. त्यातला खरा धोका विजेचा आहे. गेम बॉय, एनईएस, सुपर निन्टेन्डो हे ५ व्होल्टवर बोलतात आणि आजच्या बऱ्याच मेमरी चिप ३.३ व्होल्टवर. मध्ये व्होल्टेज जुळवणारी चिप लागते. पैसे वाचवायला काही जण ती गाळतात. गेम तरीही चालतो, म्हणून खरेदी करणाऱ्याला काही कळत नाही. पण कार्ट्रिजची चिप आणि कन्सोलच्या चिपचे पिन, दोघांवर रोज नको तो ताण पडतो. कार्ट्रिज नवी मिळेल, तीस वर्षांपूर्वीची कन्सोलची चिप आता कोणी बनवत नाही.

आपल्याकडच्या टीव्ही गेमवर चालेल का, हा प्रश्न येणारच. ते बहुतेक सगळे १९८३ च्या जपानी फॅमिकॉमच्या नकला. त्यांची कॅसेट ६० पिनची, तर अमेरिकेतल्या एनईएसची ७२ पिनची. एव्हरड्राइव्ह एन८ दोन्ही आकारांत निघाली, त्यामुळे ६० पिनवाली आपल्या टीव्ही गेममध्ये बसते. पण बसणं आणि चालणं यात फरक आहे. आत एका काळ्या ठिपक्याखाली अख्खा कन्सोल कोंबलेला असतो आणि त्याचं वागणं खऱ्या फॅमिकॉमसारखंच असेल याची हमी नाही. केवळ टीव्ही गेमसाठी एवढे पैसे घालू नका.

कायदा काय म्हणतो?

रिकाम्या कार्ट्रिजचा आणि तिच्यात काय भरता याचा वेगवेगळा विचार करा. गेम हा कॉम्प्युटर प्रोग्राम आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ कायदेशीर प्रत जवळ असणाऱ्याला, ती हरवू किंवा खराब होऊ नये म्हणून बॅकअप प्रत करायची मुभा देतं. नेटवरून दुसऱ्याची फाइल उतरवायची मुभा त्यात नाही. प्रोग्रामची बेकायदा प्रत माहीत असून कॉम्प्युटरवर वापरणं हा कलम ६३ब खाली गुन्हा आहे. गेम तीस वर्षांपूर्वीचा आहे आणि दुकानात मिळत नाही, म्हणून तो फुकट झाला असं कायदा मानत नाही. मला हे फार शहाणपणाचं वाटत नाही, पण आहे ते असं आहे. 'हजार गेम भरलेलं कार्ड सोबत मोफत' अशी जाहिरात दिसली की विकणारा पायरसीच विकतोय हे समजा.

काही देशांत उपकरणावरही बंदी आली. निन्टेन्डो डीएससाठी आर४ नावाची कार्ट्रिज प्रचंड खपली. ती डीएसची सुरक्षा व्यवस्था चुकवते म्हणून जपानमध्ये २००९ साली आणि ब्रिटनमध्ये २०१० साली कोर्टाने तिच्या विक्रीविरुद्ध निकाल दिला.

मग कार्डवर टाकायचं काय?

आज नवीन गेमही या जुन्या मशिनसाठी बनतात. 'टोबू टोबू गर्ल' हा गेम बॉयचा ओपन सोर्स गेम फुकट मिळतो. एनईएससाठी २०१९ चा 'मायक्रो मेजेस' विकत घ्यावा लागतो. चार जणांना एकत्र खेळता येणारा हा गेम फक्त ४० केबीचा आहे, म्हणजे व्हॉट्सॲपवर येणाऱ्या गुड मॉर्निंगच्या फोटोपेक्षाही लहान. आणि स्वतःचा गेम करायचा असेल तर जीबी स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर बघाच. कोडिंग न येता त्यात गेम बॉयचा गेम तयार होतो. फक्त ते फोनवर नाही, कॉम्प्युटरवर चालतं. बनलेली फाइल कार्डवर टाका, आणि १९८९ च्या मशिनवर तुमचा गेम सुरू.

कार्ड ३२ जीबी किंवा त्याहून लहान घ्या आणि एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा. मोठी कार्डं बहुधा एक्सफॅटमध्ये येतात आणि अनेक कार्ट्रिज ती वाचत नाहीत. गेमच्या फाइल्स मोजक्या फोल्डरमध्ये वाटून ठेवा, हजार फाइल्सची यादी बनवताना गेम बॉयची दमछाक होते. कार्ट्रिज घालता-काढताना कन्सोल बंद हवा. फ्लॅश कार्ट्रिज साध्या कॅसेटपेक्षा जास्त वीज खाते. गेम लोड होताना कन्सोल आपोआप पुन्हा सुरू होत असेल, तर कार्ट्रिज परत पाठवण्याआधी चारही सेल नवीन घालून बघा.